चारदा निघाली, एकदाही तुटली नाही: एका कॅपचं प्रकरण

कागदी रुमालाची पुडी सोडून त्या बाईंनी दाढेवरून निघालेली कॅप टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आता झिर्कोनियाच बसवा. सगळ्यात मजबूत तीच ना?"

झिर्कोनिया म्हणजे कॅपसाठी वापरली जाणारी पांढरी, कणखर सिरॅमिक. मी कॅप उजेडात धरून फिरवली. वरचं पोर्सलेन धड, कडा धड, आतला धातू कुठे वाकलेला नाही. न तुटलेल्या वस्तूच्या जागी तिच्याहून मजबूत वस्तू आणून काय साधणार, हा प्रश्न मला तिथल्या तिथे पडायला हवा होता. पडला नाही. बाहेर माणसं ताटकळत होती, बाईंना दुखतही नव्हतं. मी कॅप आतून साफ केली, नवं सिमेंट भरलं, परत बसवली आणि 'पुन्हा निघाली तर झिर्कोनियाचं बघू' म्हणून मोकळी झाले. अकरा आठवड्यांनी त्या हजर. तीच कॅप, तशीच पुडी.

बाईंचं वय ४६. दाढ खालची, डावीकडची, रांगेतली शेवटची. अक्कलदाढ कधीच काढलेली. पाच वर्षांपूर्वी या दाढेचं रूट कॅनाल झालं आणि वर धातूच्या साच्यावर पोर्सलेन चढवलेली कॅप बसली. आपल्याकडे सगळे जिला नुसतं 'सिरॅमिक कॅप' म्हणतात, ती. अडीच-तीन वर्षं सुखाने गेली. मग कॅप सैल झाली. दोनदा त्यांनी दुसरीकडे चिकटवून घेतली, तिसऱ्यांदा माझ्याकडे आल्या, आणि ही चौथी वेळ. दुखत नाही, हे त्या दरवेळी समाधानाने सांगायच्या. पण रूट कॅनाल झालेल्या दाताला दुखायला आत नसच उरलेली नसते. अशा दाताला कॅपखाली कीड लागली तरी तो मुकाट असतो. तेव्हा 'दुखत नाही' ही अशा दाढेची खुशाली धरता येत नाही.

मुळात कॅप कशासाठी? रूट कॅनाल केल्यावर दात 'ठिसूळ' होतो म्हणून, असं उत्तर सर्रास दिलं जातं. खरं कारण वेगळं आहे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काढलेल्या उपदाढांवर (सुळा आणि दाढ यांच्या मधल्या दातांवर) दाब देऊन त्यांचा ताठपणा मोजला होता. रूट कॅनालसाठी वरून भोक पाडल्याने तो जेमतेम ५ टक्के घटला. पण पुढची आणि मागची अशा दोन्ही कडा कापून भरण केल्यावर घट ६३ टक्क्यांवर गेली. म्हणजे दात दुबळा होतो तो कडा गेल्यामुळे, आणि त्या बहुतेक वेळा किडीनेच आधी खाल्लेल्या असतात. उरलेल्या भिंती चावताना बाहेर फाकतात आणि एक दिवस उभ्या चिरतात. कॅप त्या भिंतींना बाहेरून कवेत घेते. लाकडी पिंपाला लोखंडी पट्टी असते तशी.

ही पट्टी काम करायची तर तिला धरायला पिंप हवं. कॅपच्या कडेच्या वर चहूबाजूंनी दीड ते दोन मिलिमीटर खरा, निरोगी दात लागतो. आतलं कॉम्पोझिटचं, म्हणजे दाताच्या रंगाच्या रेझिनचं, भरण या हिशेबात धरायचं नसतं.

दुसऱ्या वेळी मात्र मी कॅपला हात लावण्याआधी तिच्या आत डोकावले. सिमेंटचा थर सगळा कॅपच्या आत चिकटून होता आणि दाढ जवळजवळ स्वच्छ. म्हणजे सिमेंटने धातू सोडला नव्हता, दात सोडला होता. (झिर्कोनियाच्या निघालेल्या कॅपमध्ये अनेकदा उलटं दिसतं: सिमेंट दातावर आणि कॅप आतून कोरी.) मग मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई घेऊन दाढेच्या भिंती मोजल्या. गालाच्या बाजूने ३, जिभेच्या बाजूने अडीच, मागच्या बाजूला जेमतेम २. दाढेला कॅप धरून ठेवायला किमान ४ मिलिमीटर उंची असावी, असा आमच्याकडे मान्य हिशेब आहे. शिवाय भिंतींचा उतार. समोरासमोरच्या दोन भिंती मिळून १० ते २० अंश कलल्या तर चालतं. इथे भिंती छपरासारख्या उतरत होत्या. उभ्या भिंतींच्या डब्याचं झाकण सरळ वर ओढावं लागतं, पण उतरत्या डोक्यावरची टोपी नुसती कलंडली तरी पडते. ही दाढ टोपीवाली होती.

दाढ ज्यांनी तासली त्यांना मी नावं ठेवणार नाही. तोंडाच्या त्या कोपऱ्यात गाल, जीभ आणि जबड्याचं हाड सगळं एकदम आडवं येतं. हॅन्डपीस, म्हणजे दात तासायचं हत्यार, सरळ धरताच येत नाही.

पण उंची एवढी कमी का? याचं उत्तर कॅपच्या जाडीत होतं. वर्नियरने कॅपचा माथा मोजला तर सुमारे दोन मिलिमीटर भरला. धातूवर पोर्सलेन चढवायचं म्हणजे आधी धातूचा थर, त्याचा काळपटपणा झाकायला अपारदर्शक थर, त्यावर दातासारखं दिसणारं पोर्सलेन. चावण्याच्या बाजूने यासाठी दीड ते दोन मिलिमीटर जागा लागते, आणि ती दाताचा माथा तासूनच मिळते. उंच दाढेला हे परवडतं. बाईंची दाढ मुळातच बुटकी, तिच्यातले दोन मिलिमीटर पोर्सलेनच्या देखणेपणासाठी गेले आणि कॅपने धरायला काही उरलं नाही. मटेरियल निवडताना चूक झालीच होती, पण ती मजबुतीची नव्हे, जाडीची होती. आणि ती कॅप तोंडात जाण्याआधीच, तासताना झालेली होती.

यात दोन गोष्टींची भर पडली. समोरच्या वरच्या दाढेवर घासून गुळगुळीत झालेले चकचकीत पट्टे होते. विचारलं तर बाई हसल्या, "हे म्हणतात, मी रात्री दात खाते. मला काही कळत नाही." झोपेत दात खाताना जोर सरळ खाली येत नाही, आडवा येतो, आणि टोपी कलंडायला आडवाच जोर लागतो. दुसरं, एक्स-रेमध्ये मागच्या कडेखाली काळसर सावली होती. सैल कॅपखाली महिनोन् महिने लाळ झिरपली होती. मऊ झालेला भाग खरवडल्यावर मागच्या बाजूला हिरडीच्या वर खरा दात अर्ध्या मिलिमीटरहून जास्त उरला नाही.

दाढ काढून इम्प्लांट बसवणं हा पर्यायही त्यांच्यापुढे ठेवला. तो न सांगणं बरोबर नसतं. पण मुळं लांब, हाड भक्कम, मुळांच्या टोकाशी काही दोष नाही. अशी दाढ काढायला माझा हात धजत नाही. त्यांचाही जीव झाला नाही.

मग मटेरियलची चर्चा, पण आता या दाढेच्या हिशेबाने.

माझी पहिली पसंती धातूच्या कॅपला होती. संपूर्ण धातूची, सोन्याच्या मिश्रधातूची. तिला माथ्यावर एक ते दीड मिलिमीटर पुरतो, कडेला अर्धा. ती तडकत नाही, आणि समोरच्या दाताला जवळजवळ दातासारखीच झिजवते. माझ्या स्वतःच्या शेवटच्या दाढेवर धातूच आहे. स्वस्तातला निकेलचा मिश्रधातू मात्र इथे बाद होता, कारण नकली कानातलं घातलं की बाईंचे कान चिघळतात. ही निकेलची ॲलर्जी. तोंडात तिचा त्रास त्वचेपेक्षा कमी वेळा होतो, पण माहीत असताना मुद्दाम निकेल कोण बसवेल? सोन्याचं नाव काढताच त्यांनी मान हलवली. "मोठ्याने हसले की खालच्या दाढा दिसतात हो." हे खरं आहे. वरच्या दाढांपेक्षा खालच्या दाढांचा माथा जास्त दिसतो, कारण समोरचा माणूस वरून बघतो. दिसण्याचा विचार म्हणजे नखरा, असं मी मानत नाही. तोंड त्यांचं आहे.

लिथियम डायसिलिकेट, म्हणजे बाजारात ई-मॅक्स या नावाने ओळखली जाणारी काचेच्या जातीची सिरॅमिक, दिसायला सगळ्यात सरस. तिची खरी ताकद चिकटण्यात आहे. हायड्रोफ्लुओरिक आम्लाने तिच्या आतली काच किंचित खाल्ली जाते, खडबडीत पृष्ठभाग मिळतो, त्यावर सायलेन (काच आणि रेझिन यांना जोडणारं रसायन) लावून रेझिनने चिकटवली की ती आणि दात एकजीव होतात. बुटक्या दाढेला हे वरदान वाटेल. पण त्यासाठी जागा कोरडी ठक्क हवी, आणि शक्य तिथे दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण. इथे मागची कड हिरडीला टेकलेली, तिथे लाळेची धार, आणि एनॅमल नावालाही नाही. माथ्याला साधारण दीड मिलिमीटर जाडी हवी, तीही नाही. शिवाय दात खाणारा जबडा. हीच दाढ न होता पुढचा दात असता, किंवा तीन भिंती शाबूत असलेली उपदाढ असती, तर मी दुसरं नावही घेतलं नसतं. उपदाढेला कदाचित पूर्ण कॅपही न घालता नुसता माथा झाकला असता.

राहिली झिर्कोनिया, बाईंची पहिल्या दिवसाची मागणी. ही एक वस्तू नाही, हे मला त्यांना सांगावं लागलं. झिर्कोनियम ऑक्साइडमध्ये इट्रिया, म्हणजे इट्रियम धातूचं ऑक्साइड, मिसळतात. ३ मोल टक्के (वजनाने नव्हे, रेणूंच्या संख्येने मोजलेले टक्के) मिसळली की मिळते ती जुनी, दुधी, पांढरट झिर्कोनिया. तिची वाकण सोसण्याची ताकद साधारण ९०० ते १२०० मेगापास्कल. ५ टक्के मिसळली की ती बरीच पारदर्शक, सुंदर होते आणि ताकद ५०० ते ७०० वर येते. लिथियम डायसिलिकेट ४०० ते ५०० च्या आसपास. 'झिर्कोनिया बसवली' एवढ्याने काहीच कळत नाही. कुठली, हे विचारायला हवं.

पहिल्या जातीची गंमत अशी. तिच्यात बारीक चीर पुढे सरकायला लागली की चिरेच्या टोकाशी असलेले कण आपली रचना बदलतात आणि ३ ते ५ टक्के फुगतात. फुगलेले कण चिरेला दोन्ही बाजूंनी आवळतात, ती तिथेच थांबते. १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या तीन शास्त्रज्ञांनी या गुणामुळे झिर्कोनियाला 'सिरॅमिक पोलाद' म्हणायचं का, असा प्रश्न मांडला होता. प्रश्नचिन्हासकट. जाहिरातींनी ते प्रश्नचिन्ह तेवढं गाळलं. ५ टक्केवालीत हे फुगणं जवळपास होत नाही, म्हणून ती देखणी पण नाजूक.

मला या दाढेसाठी तिच्यातलं मोल वाटलं ते १२०० च्या आकड्याचं नाही. ही मजबुती असल्याने ती पातळ चालते. माथ्यावर एक मिलिमीटर, कडेला अर्धा. धातूला लागते तेवढ्याच जागेत पांढरी कॅप. म्हणजे जुन्या कॅपने खाल्लेल्या दोन मिलिमीटरपैकी एक मी आतल्या भरणाला परत देऊ शकत होते. भिंत तेवढी उंच होणार.

"म्हणजे मी आधीच बरोबर सांगत होते!" बाई म्हणाल्या.

"मटेरियल बरोबर होतं, पण त्या दिवशी जुन्या मापावर ती बसवली असती तर परत पुडी बांधावी लागली असती."

त्यांना ते लगेच पटलं नाही. कॅपबरोबर मिळालेलं वॉरंटीचं कार्ड त्यांनी जपून ठेवलं होतं, ते दाखवलं. ही वॉरंटी कॅप तुटण्याची असते. त्यांची पहिली कॅप अजूनही तुटलेली नव्हती. त्या कार्डाच्या लेखी सगळं उत्तम चाललं होतं.

एका गोष्टीवर मात्र कुठल्याच मटेरियलचा इलाज नव्हता: मागच्या बाजूचा तो अर्धा मिलिमीटर. हिरडीला दाताशी जोडलेलं राहायला हाडाच्या वर साधारण २ मिलिमीटर जागा लागते. १९६१ च्या मोजणीत सरासरी २.०४ निघाली होती. कॅपची कड त्या जागेत घुसवली की हिरडी कायम लाल राहते, रक्त येतं, हाड मागे हटतं. म्हणून आधी छोटी शस्त्रक्रिया. मागची जाड हिरडी उचलून हाड साधारण दीड मिलिमीटर खाली नेलं. जास्त नेता आलं नसतं, कारण दाढेची मुळं जिथे फाटतात तो दुबेळका उघडा पडला तर तिथे ब्रश पोचत नाही. बाईंना या टप्प्याचा सगळ्यात राग आला. कॅप चिकटवायला आलेल्या माणसाला टाके पडणार म्हटल्यावर येणारच. आठ-नऊ आठवडे थांबलो. मधल्या काळात तात्पुरती कॅप एकदा निघाली, ती त्यांनी फोन न करता घरीच परत दाबून बसवली.

मग भरण नव्याने उभं केलं, भिंती शक्य तेवढ्या सरळ केल्या, आणि गालाच्या व जिभेच्या बाजूला एकेक उभी खाच घेतली. अशी खाच कॅपला कलंडू देत नाही. धातूसाठी खाच बारीक, धारदार चालते. झिर्कोनियाची कॅप मात्र यंत्रातलं फिरतं हत्यार कोरून काढतं, आणि ते हत्यार आपल्या जाडीपेक्षा बारीक कोपऱ्यात शिरू शकत नाही. दातावर बारीक खाच घेतली तर यंत्र कॅपच्या आत ती नीट उतरवू शकत नाही, जास्तीचं कोरून टाकतं, आणि कॅप तिथे ढिली बसते. म्हणून खाच रुंद, गोलसर, कडा मोडलेल्या. लॅबला चिठ्ठी लिहिली: ३ टक्के इट्रियावाली, एकसंध, वर पोर्सलेनचा थर नको, चावण्याच्या बाजूला आरशासारखं पॉलिश.

पोर्सलेनचा थर नको, कारण झिर्कोनियावर चढवलेल्या थराच्या कपच्या उडतात. आतला साचा टिकतो, वरचं रूप जातं. आणि पॉलिशचा आग्रह समोरच्या दाढेसाठी. 'झिर्कोनिया समोरचा दात खाते' असं ऐकू येतं. नीट पॉलिश केलेली झिर्कोनिया समोरच्या दाताला पोर्सलेनपेक्षा कमी झिजवते. खरखरीत ठेवलेली मात्र कानशीच.

बसवण्याच्या दिवशी कॅप एकदा तोंडात घालून बघितली. ती बाहेर काढली की आतून स्वच्छ दिसते, पण नसते. लाळेतले फॉस्फेट झिर्कोनियाला घट्ट धरतात आणि चिकटवणाऱ्या रसायनाला जागा उरत नाही. काचेच्या सिरॅमिकला वापरायचं आम्ल इथे निरुपयोगी, कारण हिच्यात आम्लाने खायला काचच नाही. फॉस्फोरिक आम्लाने पुसलं तर आणखी फॉस्फेट जाऊन बसतात. म्हणून झिर्कोनियासाठीच्या खास क्लीनरने धुतली, आतून ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा हलका मारा केला, तिला पकडणारा प्रायमर (सिमेंटआधीचा पातळ लेप) लावला आणि रेझिन सिमेंटने बसवली. यातलं एकही पाऊल रुग्णाला दिसत नाही. कॅप टिकते की निघते याचा बराचसा निकाल त्या पाच-सात मिनिटांत लागतो.

शेवटी चावा. रंगीत कागदाने खुणा घेतल्या. सरळ चावताना टेकतील पण जबडा बाजूला सरकवताना अडणार नाहीत, असे बिंदू ठेवले. एका ठिकाणी थोडं घासावं लागलं. घासलेली जागा हिऱ्याची भुकटी असलेल्या रबरी टोकांनी तीन पायऱ्यांत परत चकचकीत केली. रात्री घालायला वरच्या दातांसाठी कडक प्लास्टिकचा गार्ड बनवून दिला. "याने दात खाणं थांबेल?" त्यांनी विचारलं. नाही थांबत. दाताऐवजी गार्ड झिजतो, एवढंच.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. कॅप जागेवर आहे. मागची हिरडी पहिल्या वर्षी दोनदा सुजली, कारण शेवटच्या दाढेमागे ब्रश नेताना त्यांना उमासा येतो. मग छोट्या डोक्याचा एकपेडी ब्रश दिला. दरवर्षी एक्स-रे काढून मागची कड बघते. कीड परत लागली तर तिथेच लागेल, आणि दाढ ते सांगणार नाही. मागच्या महिन्यात आल्या तेव्हा गार्ड डबीतून काढून त्यांनी माझ्या हातात दिला. डावीकडे, बरोबर या दाढेसमोर, प्लास्टिकमध्ये नखाएवढा खळगा पडला होता, आणि मधोमध इतकं पातळ झालं होतं की पलीकडचं माझं बोट दिसत होतं. नवीन गार्डसाठी माप घेतलं.